सिलिंडर पाठीवर, तळे सड्यावर: साताऱ्यात बनवून घेतलेल्या वाहक चौकटीबद्दल

साताऱ्यात राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे जाताना एका बोळात बॅगा, सॅक आणि गाड्यांची कव्हरे शिवून देणारे एक छोटे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. आजूबाजूचे सगळे लोक ते चालवणाऱ्या गृहस्थांना काका म्हणतात आणि मीही तेच म्हणते. स्कूबा डायव्हिंगचा हवेने भरलेला सिलिंडर पाठीवर घेऊन डोंगर चढता यावा, यासाठी गेल्या वर्षी मी त्यांच्याकडून दोन चौकटी बनवून घेतल्या. या चौकटी आतापर्यंत तीन वेळा डोंगर चढल्या आहेत. दोन वेळा सरावासाठी अजिंक्यताऱ्यावर आणि एकदा प्रत्यक्ष कामासाठी, पाटण तालुक्यातल्या एका सड्यावरील, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरील, तळ्यापर्यंत. पुढे लिहिले आहे ते या तीन चढायांत जे दिसले आणि पाठीला जे जाणवले त्यावरून.

अशी वस्तू साताऱ्यासारख्या ठिकाणी कशासाठी लागली, हे आधी सांगायला हवे. त्या सड्यावर गावाचे एक जुने तळे आहे. गावाची गुरे त्यावर जगतात आणि खालच्या दोन वाड्यांना उन्हाळ्यात त्याच पाण्याचा आधार असतो. तळ्याच्या बांधातील पाणी बाहेर सोडणारी मोरी काही वर्षांपासून बंद पडली होती आणि ती गाळाने बुजली आहे की तिच्या तोंडावर काही अडकले आहे, हे तळे पूर्ण आटल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता. आमच्या पाच जणांच्या गटातील तिघांनी तारकर्ली आणि मालवणच्या समुद्रात डायव्हिंगचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले आहे, हे गावातल्या एका शिक्षकांना ठाऊक होते. त्यांच्या शब्दावरून ग्रामपंचायतीने आम्हाला लेखी विनंती केली, पोलीस पाटलांना कळवले गेले आणि आम्ही होकार दिला. अडचण एकच होती. डांबरी रस्ता सड्याच्या पायथ्याच्या वाडीत संपतो. तिथून तळे सुमारे चार किलोमीटर अंतरावर आणि जवळजवळ चारशे मीटर उंचीवर आहे, आणि वाट कारवीच्या रानातून, काही ठिकाणी सुट्या धोंड्यांवरून जाते.

समुद्रात डायव्हिंग करणाऱ्याला सामानाच्या वजनाची खरी ओळख कधी होतच नाही, कारण किनाऱ्यावरून होडीत आणि होडीतून पाण्यात एवढाच त्या सामानाचा प्रवास असतो आणि पाण्यात शिरल्यावर सगळे वजन नाहीसे झाल्यासारखे वाटते. डोंगरावर प्रत्येक किलो मोजावा लागतो. आपल्याकडे सर्वत्र वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे ११ लिटर आकारमानाचा असतो. तो रिकामा असताना १४ किलोच्या आसपास भरतो आणि २०० बार दाबाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाने, भरल्यावर त्यात आणखी अडीच किलोहून अधिक वजनाची नुसती हवा असते, म्हणजे एकूण भार १७ किलोच्या जवळ जातो. त्यावर बीसीडी (हवा भरून पाण्यात तरंगणे कमी-जास्त करण्याचे जाकीट), रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा श्वासासाठी तोंडापर्यंत आणणारे उपकरण), वेटसूट, फिन्स, मास्क, खोली आणि वेळ मोजणारा डायव्हिंगचा कॉम्प्युटर आणि पिण्याचे पाणी धरले, तर एका डायव्हरचे ओझे ३० किलोच्या पुढे जाते. माझे स्वतःचे वजन ५८ किलो आहे. शरीराच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भार घेऊन दोन-अडीच तासांचा खडा चढ चढणे आणि त्यानंतर पाण्यात उतरणे मला मान्य नव्हते, आणि माझ्या मते ते कोणीही मान्य करू नये. म्हणून आम्ही एकच नियम ठरवला: ज्याच्या पाठीवर सिलिंडर असेल त्याच्याकडे दुसरे काहीही असणार नाही. बाकीचे सामान इतरांच्या नेहमीच्या सॅकमध्ये जाईल आणि सिलिंडरचे वाहक दर वीस मिनिटांनी बदलतील. चौकट कशी हवी, हे या नियमातूनच ठरत गेले.

ज्यांनी हा प्रयोग केलेला नाही त्यांना वाटेल की बीसीडीलाच खांदपट्टे असतात, तेव्हा सिलिंडर त्यालाच बांधून चालावे. आम्हीही आधी तेच करून पाहिले. बीसीडीचे पट्टे शरीराला घट्ट बसण्यासाठी असतात, भार पेलण्यासाठी नव्हे. त्याचा कमरेचा पट्टा पोटावर येतो, नितंबाच्या हाडावर टेकत नाही, आणि त्यामुळे १७ किलो पूर्णपणे खांद्यांवर लोंबकळतात. यवतेश्वरच्या रस्त्याने अर्धा तास चालल्यावर माझ्या दोन्ही हातांना मुंग्या येऊ लागल्या. त्यानंतर साठ लिटरची चांगली ट्रेकिंग सॅक घेऊन पाहिली. तिच्यात सिलिंडर उभा राहतो खरा, पण तो गोल आणि गुळगुळीत असल्याने पाठीशी स्थिर राहत नाही. प्रत्येक पावलाला तो तसूभर डावी-उजवीकडे सरकतो, मणक्यावर आपटतो, आणि त्याच्या बुडाची कड सॅकच्या तळाचे कापड झिजवत राहते. उतारावर तो भार एका बाजूला कलला की पायही त्याच बाजूला ओढला जातो. परदेशी बनावटीच्या चौकटी मी पाहिल्या, पण मला आढळलेल्यांची किंमत पंधरा हजारांच्या पुढे होती आणि माझ्या पाठीच्या मापात त्यांतील एकही बसणारी नव्हती.

काकांकडे मी गेले ती या दोन फसलेल्या प्रयोगांनंतर, आणि जाताना रिकामा सिलिंडर सोबत नेला. त्यांनी तो उचलून पाहिला, दुकानात चार पावले फिरले आणि मला म्हणाले, "ताई, हा खांद्यावर घ्यायचा जिन्नसच नाही. बायका घागर कमरेवर घेतात तसा कमरेवर बसला पाहिजे, खांद्यानं नुसतं त्याला सांभाळायचं." सॅकच्या रचनेवर मी तोवर जे काही वाचले होते त्याचे सार या दोन वाक्यांत होते. ओझे डोंगरावर नेण्याचे ज्ञान या जिल्ह्यात जुने आहे. चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून चढणाऱ्या कावडी ज्यांनी पाहिल्या आहेत, सासवडहून येणारी तेल्या भुत्याची कावड त्या उभ्या कड्यावरून हातोहात वर जाताना पाहिली आहे, त्यांना खांदेबदल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मी काकांना आमचा वीस मिनिटांचा नियम सांगितला, तेव्हा त्यांनी लगेच विचारले की बदलणाऱ्या माणसांच्या उंचीत फरक किती आहे. आमच्यातील सर्वांत उंच सहकारी सहा फुटांचे आहेत आणि मी पाच फूट दोन इंच. तो फरक ऐकून त्यांनी आधी काढलेला आराखडा बाजूला ठेवला आणि नवा काढला.

तयार झालेली चौकट अशी आहे. ॲल्युमिनियमच्या नळीच्या दोन उभ्या दांड्या, त्यांना जोडणाऱ्या तीन आडव्या पट्ट्या, आणि तळाला सिलिंडर टेकवण्यासाठी रबर लावलेली छोटी पायरी. जोड वेल्डिंगचे नाहीत, बोल्ट आणि रिव्हेटचे आहेत, त्यामुळे एखादा भाग वाकला तर तेवढाच बदलता येतो. सिलिंडर दोन रुंद नायलॉन पट्ट्यांनी आवळला जातो आणि दोन आडव्या पट्ट्यांवर त्याच्या गोलाईनुसार बसवलेल्या खोबणीत टेकतो, म्हणून तो सरकत नाही. खांदपट्ट्यांची वरची पट्टी उभ्या दांड्यांवर वरखाली सरकते आणि खिळीने चार जागी अडकवता येते. उंच माणसाकडून बुटक्या माणसाकडे चौकट देताना हा बदल एका मिनिटात होतो. कंबरपट्टा चार बोटांहून रुंद, आत कडक आणि मऊ अशा दोन थरांचा फोम, आणि पाठीच्या खालच्या खोलगट भागाशी येणारी एक जाड गोल गादी. त्या गादीला काका चुंबळ म्हणतात आणि तिचे काम खरोखरच चुंबळीचे आहे. रिकाम्या चौकटीचे वजन २ किलो ९०० ग्रॅम भरले, म्हणजे सिलिंडरसह भार वीस किलोच्या आत राहिला.

शिवणकामाबद्दल मला वेगळे लिहावेसे वाटते, कारण अशी वस्तू तुटते ती कापडात नव्हे, जोडात. ज्या ज्या ठिकाणी पट्टा कापडाला जोडला आहे तिथे काकांनी चौकोन आणि त्यात फुली अशी दुहेरी शिवण घातली आहे. पट्ट्याचे कापलेले टोक विस्तवावर वितळवून बंद केले आहे आणि ताण येणाऱ्या टोकाला दाट आडवे टाके मारले आहेत. तीन चढायांनंतर मी भिंग घेऊन हे जोड तपासले. एकही टाका उसवलेला नाही. बाजारात ब्रँडच्या नावावर विकल्या जाणाऱ्या कितीतरी सॅकमध्ये मी इतके प्रामाणिक काम पाहिलेले नाही.

पहिली चाचणी आम्ही अजिंक्यताऱ्यावर घेतली. पायथ्यापासून मुख्य दरवाजापर्यंत पायवाटेने चढताना भार खरोखर कमरेवर बसला आणि खांदपट्ट्यांखाली दोन बोटे सहज जात होती. हीच चांगल्या चौकटीची परीक्षा आहे. एक मोठा दोष मात्र तिथेच लक्षात आला. सिलिंडरचा व्हॉल्व्ह थेट डोक्यामागे येत होता. चढावर मान वर केली की डोक्याची मागची बाजू त्यावर आदळायची, आणि माझ्यासारख्या बुटक्या व्यक्तीला तर पुढचा रस्ता पाहण्यासाठी मान वळवणेही अवघड जाई. काकांनी तळाची पायरी आठ सेंटिमीटर खाली घेतली आणि व्हॉल्व्हवर बसणारी जाड रबराची टोपी करून दिली, जी दोन बाजूंनी चौकटीला बांधता येते. पायरी खाली गेल्याने भाराचा मध्य थोडा खाली आला. सपाट वाटेवर तो खांद्याच्या पात्यांजवळ असलेला बरा असतो हे खरे, पण सुट्या धोंड्यांच्या वाटेवर खालचा भार अधिक स्थिर राहतो आणि आमची वाट दुसऱ्या प्रकारची होती. टोपीचे महत्त्व केवळ डोक्यापुरते नाही. २०० बार दाबाने भरलेला सिलिंडर खडकावर पडला आणि नेमका व्हॉल्व्हच तुटला, तर आतील हवा ज्या वेगाने बाहेर पडते त्याने तो लोखंडी गोळ्यासारखा सुटू शकतो. व्हॉल्व्हवर टोपी न घालता डोंगर चढू नये, मग चौकट कुणाचीही असो.

प्रत्यक्ष चढाई आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस केली. सिलिंडर मालवणहून भरून गाडीने आणलेले होते. चढ आम्ही पाण्यात उतरण्याच्या आदल्या दिवशी दुपारनंतर सुरू केला, आणि तो निर्णय उन्हामुळे घेतला होता. सिलिंडर तापला की आतील दाब वाढतो, साधारण प्रत्येक अंश सेल्सिअसला सहा दशांश बारहून थोडा अधिक, म्हणजे सावलीतला सिलिंडर उन्हात वीस अंशांनी तापला तर दाब तेरा बारने चढतो. चौकटीला बांधलेल्या सिलिंडरवर पांढरे कापड गुंडाळण्याची युक्ती आमच्यातील एकाची आणि ती उपयोगी पडली. काकांनी चौकटीसोबतच असे कव्हर दिले तर बरे होईल.

पहिल्या तासात सगळे सुरळीत होते. वाहक बदलताना चौकट एका उंच धोंड्यावर टेकवायची, कंबरपट्टा सोडायचा, वरची पट्टी सरकवायची आणि दुसऱ्याने पाठ लावायची, हे तिसऱ्या बदलापर्यंत आमच्या हातांत बसले. दुसऱ्या तासात मात्र माझ्या पाठीवरचा सिलिंडर हळूहळू खाली सरकत असल्याचे जाणवले. थांबून पाहिले तर त्याला आवळणारे दोन्ही पट्टे सैल झाले होते. कारण समजायला मला वेळ लागला, खरे तर डायव्हर म्हणून ते आधीच सुचायला हवे होते. नायलॉनचा पट्टा ओला झाला की किंचित लांबतो, म्हणूनच बीसीडीवर सिलिंडर चढवताना पट्टा आधी भिजवून मग आवळायचा असतो. डोंगरावर घामाने आणि संध्याकाळच्या दवाने तोच परिणाम केला. आम्ही बाटलीतले पाणी पट्ट्यांवर ओतून ते पुन्हा आवळले आणि त्यानंतर वरपर्यंत ते सैल झाले नाहीत. ही चूक बनवणाऱ्याची नाही, वापरणाऱ्याने पाळायची गोष्ट आहे, आणि जो कोणी अशी चौकट घेईल त्याने ती पहिल्या दिवसापासून पाळावी.

वजन कमी करण्याचा दुसरा मार्ग आम्हाला चौकटीने नव्हे, सड्यानेच दिला. पाण्यात तळाशी राहण्यासाठी डायव्हरला शिशाची वजने लागतात. गोड्या पाण्यात ती समुद्रापेक्षा कमी लागतात, कारण समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते आणि शरीराला तेवढे अधिक वर ढकलते. तरीही प्रत्येकी चार किलो शिसे वाहून नेणे भाग होते. ते टाळून आम्ही नुसत्या जाळीच्या पिशव्या नेल्या आणि दगड वर भरले. सड्याच्या माथ्यावर सगळीकडे जांभा पसरलेला असतो, पण तो सच्छिद्र आणि हलका म्हणून निरुपयोगी. ओढ्यातून काळ्या पाषाणाचे गोटे गोळा केले. काळा पाषाण पाण्याच्या जवळपास तिप्पट जड, तर शिसे अकरा पटींहून अधिक जड असते, म्हणून चार किलो शिशाचे काम करायला साडेपाच किलो दगड लागतात. पाण्यात एका हाताने झटकन सोडून देता येतील अशा रीतीने त्या पिशव्या बांधल्या, कारण संकटात वजन टाकता आले नाही तर ते वजन जीवावर बेतते. काकांनी चौकटीच्या दोन बाजूंना कड्या लावून दिल्या होत्या, त्यांचा उपयोग जाळीच्या पिशव्या सुकवण्यासाठी झाला.

पाण्यातील भाग थोडक्यात सांगते, कारण हा अभिप्राय चौकटीचा आहे. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून उंच असलेल्या पाण्यात डायव्हिंग करताना वेगळी गणिते लागतात. सातारा शहरच सुमारे ७०० मीटरवर आहे आणि हे तळे ११०० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठव्या हिश्श्याने कमी असतो, म्हणून पाण्यातून वर येताना शरीरातील विरघळलेल्या नायट्रोजनला समुद्रातल्यापेक्षा मोठा दाबफरक सोसावा लागतो. नऊ मीटर खोली आम्ही डायव्हिंगच्या कोष्टकात (किती खोलीवर किती वेळ राहता येते ते सांगणाऱ्या तक्त्यात) दहा मीटर धरली, वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत ठेवला आणि उंचीवर पोचल्यावर किमान सहा तास थांबण्याची शिस्त रात्रीच्या मुक्कामाने आपोआप पाळली गेली. दोघी पाण्यात उतरलो, तिसरा डायव्हर पूर्ण तयारीने दोर धरून काठावर बसला. मोरीच्या तोंडाशी आम्ही दोन मीटरहून जवळ गेलो नाही आणि काठीनेही काही ढोसले नाही. एक फूट व्यासाची मोरी नऊ मीटर पाण्याखाली अचानक मोकळी झाली, तर तिच्या तोंडावर सहाशे किलोहून अधिक भाराएवढा ओढा निर्माण होतो आणि त्यात अडकलेला माणूस स्वतःच्या बळाने सुटत नाही. मोरीच्या तोंडावरील जाळीवर एक मोठा ओंडका आडवा पडला होता आणि त्यामागे गाळ साचला होता. त्याची छायाचित्रे आम्ही ग्रामपंचायतीला दिली. काढण्याचे काम पाणी खाली गेल्यावर उन्हाळ्यात होईल.

चौकटीची खरी किंमत मला डायव्हिंगनंतर कळली. पाण्यातून बाहेर आल्यावर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो आणि त्या काळात जोराचे कष्ट केले तर रक्तात बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. समुद्रकाठी हा नियम पाळणे सोपे असते. डोंगरावर मात्र सामान खाली नेण्याची घाई नेमकी याच वेळी होते. आम्ही ती केली नाही. देवळाच्या ओवरीत दुसरी रात्र काढली आणि सकाळी सिलिंडर खाली नेण्याचे काम पाण्यात न उतरलेल्या आमच्या दोन साथीदारांनी आणि गावातल्या दोन तरुणांनी केले. त्या तरुणांनी अशी चौकट आधी पाहिलेली नव्हती. त्यांना पट्टी सरकवून देणे, कंबरपट्टा हाडावर बसवणे आणि आवळणे, या सगळ्याला मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत. एका तरुणाने आधी सिलिंडर डोक्यावर घेण्याची तयारी दाखवली होती. चौकट पाठीवर चढल्यावर तो म्हणाला, "हे तर गवताच्या भाऱ्यापेक्षा सोपं हाय, ताई." सिलिंडरही तोवर दीड-दीड किलोने हलके झाले होते, कारण आम्ही त्यातील निम्म्याहून थोडी अधिक हवा वापरली होती. उरलेली हवा सोडून दिली नाही. सिलिंडर पूर्ण रिकामा केला तर आत दमट हवा शिरते आणि धातू खराब होतो.

आता दोष. कंबरपट्ट्याचे प्लॅस्टिकचे बक्कल उतारावर तडकले. ते पूर्ण तुटले नाही, पण त्याच्यावर विश्वास ठेवण्यासारखी स्थिती राहिली नाही आणि आम्ही शेवटचा एक किलोमीटर पट्ट्याला गाठ मारून आलो. भाराचा जवळजवळ सगळा भरवसा ज्या एका बकलावर आहे ते इतके हलके असणे ही या चौकटीची सर्वांत मोठी उणीव होती. काकांनी ती मान्य केली आणि दोन्ही चौकटींना जाड, रुंद बक्कल पैसे न घेता बसवून दिले, पण वस्तू प्रथमच तशी यायला हवी होती. दुसरे, पाठीशी येणारा फोम सलग आहे. त्यात हवा खेळायला जागा नाही, आणि अर्ध्या तासात पाठ चिंब होते. मधून जाळीच्या कापडाची पोकळी ठेवली तर हे टळेल. तिसरे, तळाची पायरी अरुंद असल्याने चौकट जमिनीवर स्वतः उभी राहत नाही. सड्यावर ही गोष्ट साधी नाही. तिथला मातीचा थर बोटभर असतो, पावसाळ्यात त्याच थरावर सीतेची आसवे आणि दवबिंदू या नावांची नाजूक झाडे येतात, आणि जड वस्तू तिथे आडवी टाकणे मला पटत नाही. आम्ही दर वेळी उघडा खडक शोधूनच चौकट टेकवली, पण रुंद पायाची चौकट असती तर ते सोपे झाले असते. चौथे, काही रिव्हेटची टोके आतून घासलेली नव्हती आणि एका वेटसूटच्या पिशवीला त्यांनी चीर पाडली. ती टोके मी घरी कानशीने घासून घेतली.

वेळेबद्दलही सांगायला हवे. आठ दिवसांत देण्याचे कबूल झालेले काम तीन आठवड्यांनी मिळाले. मध्ये दसरा आला, नळी पुण्याहून यायला उशीर झाला आणि एकट्या माणसाच्या दुकानात दुसरा हात नसतो, हे सगळे मला समजते. तरीही ज्यांची तारीख ठरलेली आहे त्यांनी किमान महिनाभर आधी काम द्यावे. दोन्ही चौकटींचे मिळून मी नऊ हजार रुपये दिले. पाठीच्या मापाने बनलेली, मोडली तर ज्या हातांनी बनवली त्याच हातांनी दुरुस्त होणारी वस्तू म्हणून मला ही किंमत अगदी रास्त वाटते, आणि वापरातून दिसलेल्या चुका ऐकून घेऊन पुढच्या नगात त्या सुधारणारा कारागीर साताऱ्यातच आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

चौकट चांगली असली तरी ती कोणी घ्यावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. ज्यांनी उंचीवरील डायव्हिंगचे प्रशिक्षण घेतले आहे आणि ज्या पाण्यात उतरायचे त्याची लेखी परवानगी ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच ती घ्यावी. कास तलावातून साताऱ्याला पिण्याचे पाणी येते आणि कोयनेच्या फुगवट्याचा मोठा काठ अभयारण्याला लागून आहे. अशा पाण्यात हौस म्हणून उतरायचे नसते. जिथे परवानगी आहे तिथेही आधीच्या पाण्यातून आलेले सामान धुऊन आणि कडकडीत वाळवून न्यावे, कारण एका तळ्यातील जीव आणि बिया ओल्या वेटसूटमधून दुसऱ्या तळ्यात जातात. चौकटीच्या फोमलाही हे लागू आहे. तो वाळायला दोन पूर्ण दिवस घेतो. आणि जवळ सोय नाही म्हणून वर्कशॉपच्या साध्या कॉम्प्रेसरवर सिलिंडर भरण्याचा मोह कोणी करू नये. त्या हवेत तेलाचा अंश आणि कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि खोलीवर दाबाखाली श्वास घेताना त्याचा थोडा अंशही घातक ठरतो. श्वासाची हवा भरणाऱ्या ठिकाणीच जावे, मग ते मालवणइतके लांब असले तरी चालेल.

काकांकडे काम द्यायला जाताना सिलिंडर रिकामा न्यावा आणि जे जे चौकट वाहणार आहेत त्या सर्वांनी मापासाठी स्वतः जावे. फोनवर सांगितलेली उंची त्यांना चालत नाही. मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत ते टेपने मोजतात आणि आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवतात. माझी तिसरी चौकट सध्या त्यांच्याकडे आहे. तिला रुंद पाय, जाळीची पाठ आणि धातूचे बक्कल असणार आहे.